आदेशानुसार बंड

मल्लिनाथ सरांनी आयुष्यात बंड केलं ते एकदाच, आणि तेही वडिलांची परवानगी घेऊन. नेकनुरात त्यांचं घरचं कापडाचं दुकान. थोरला भाऊ राजेश्वर शाळेत असल्यापासून गादीवर बसून मीटरवर हात चालवायला शिकला, पण मल्लिनाथनं मात्र एक दिवस वडिलांसमोर उभं राहून सांगून टाकलं की मी दुकानात बसणार नाही, मला मराठी शिकायचंय. वडिलांनी ग्राहकाला खण दाखवता दाखवता वर पाहिलं आणि म्हणाले, "बरं, शीक. नोकरी लागली की सांग." झालं. एवढंच ते बंड. त्यात आरडाओरडा नाही, घर सोडून जाणं नाही, की दोन दिवस न जेवणं नाही. उलट त्या दिवशी घरात शिरा झाला होता म्हणतात.

आता हाच माणूस पुढं रोडवरच्या फाट्याला असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठीचा शिक्षक झाला आणि बारावीच्या पोरांना बंडखोर कविता शिकवू लागला. आणि काय शिकवायचे म्हणून सांगू! आवाज चढायचा, कपाळावरचं भस्म घामानं ओघळायचं, टेबलावर मूठ आपटायची. "मोडून टाका या शृंखला!" असं म्हणताना शेजारच्या वर्गातल्या पोरांनाही आपल्याला काहीतरी मोडायचं राहिलंय असं वाटायचं. तेवढ्यात शिपाई नोटीस घेऊन दारात आला की सरांची मूठ उघडायची, ते चष्मा सावरायचे, नोटीस दोन्ही हातांनी घ्यायचे आणि शिपायालाच "जी" म्हणून जायचे. शिपाईही माणूसच. त्याला सुरुवातीला कसंनुसं व्हायचं, मग सवय झाली.

घरी शिवकांताबाई म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. त्यांचं मत फार साधं होतं. "तुमच्या कवितेत लई बंड असतंय. आन् घरात भाजी अळणी झाली तरी तोंडातून शब्द निघत न्हाई." सर यावर हसायचे. बाईंना ते हसणंही पटायचं नाही, पण त्या मीठ आणून ठेवायच्या.

सरांची खरी ख्याती होती ती रसग्रहणासाठी. कविता वाचून तिच्यातलं मर्म, अलंकार, रस, कवीचा सूर हे सगळं उलगडून लिहायचं, त्याला परीक्षेत रसग्रहण म्हणतात आणि त्याला गुण असतात. सरांनी त्यासाठी चार परिच्छेदांचा एक साचा तयार केला होता. पहिल्या परिच्छेदात कवी थोर आहे. दुसऱ्यात अलंकार ठासून भरलेले आहेत. तिसऱ्यात कवितेचा सूर. चौथ्यात आजच्या काळात या कवितेची नितांत गरज आहे. कवी बदलायचा, कविता बदलायची, सरांचं रसग्रहण बदलायचं नाही. बंडाची कविता असेल तर तिसऱ्या परिच्छेदात "ज्वलंत" हा शब्द, निसर्गाची असेल तर "तरल", आणि कवितेचा काहीच पत्ता लागत नसेल तर "गूढगंभीर". पोरं डोळे मिटून लिहायची आणि गुण घेऊन यायची. पालक खूश, प्राचार्य खूश. कवितेला कुणी विचारत नव्हतं, तिची काही तक्रारही नव्हती.

तर अशा या सुखाच्या संसारात, त्या वर्षी जानेवारीत, युवा सप्ताहाची नोटीस आली.

नोटीस संस्थेच्या सचिवांची होती. सचिव म्हणजे बबनराव. संस्थेचे अध्यक्ष आप्पाराव, त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणायचे, ते काही कागदाला हात लावत नसत. त्यांच्या मनात काय आहे हे बबनराव ओळखायचे आणि आप्पासाहेबांच्या मनात काहीच नसलं तरीही ओळखायचे. नोटिशीत लिहिलं होतं: "मा. अध्यक्षांच्या आदेशान्वये सर्व विद्यार्थ्यांनी 'बंडखोर तरुणाई' या विषयावर आठ ओळींची कविता दिनांक बारापर्यंत मराठी विभागाकडे जमा करावी. कविता न देणाऱ्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल." आता बोला. बंड करा, नाही केलं तर कारवाई. आणि मल्लिनाथ सरांनी ही नोटीस वर्गात अगदी गंभीरपणे वाचली, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

कविता आल्या. गठ्ठाच आला. सगळ्यांत तरुण उठत होता. उठून पेटत होता. पेटून जागा होत होता, म्हणजे तोवर तो झोपेतच पेटलेला होता असं मानायला जागा होती. एका पोरानं तर क्रांतीची मशाल थेट आप्पासाहेबांच्याच हातात दिली होती आणि खाली मोबाईल नंबर लिहिला होता. सर एकेक कविता बाजूला ठेवत गेले आणि मधेच एका कागदावर थांबले.

म्होरक्याच्या गळ्यात घंटी,
त्याच्या मागं सारी मेंढरं.
घंटी वाजंल तिकडं रान,
घंटी थांबंल तिथं पानी.
एक कोकरू बांधावर
उभं ऱ्हायलं, हालत न्हाई.
त्याला इचारलं, कावून रं?
म्हनलं, मला तहान न्हाई.

खाली नाव होतं स्वप्ना. ही गहिनीनाथ मेंढपाळाची पोरगी. दिवाळी झाली की आई-बाप मेंढरं घेऊन आष्टी तालुक्यातल्या कडा गावाकडं उतरायचे, ऊस गेलेल्या वावरांत खतासाठी मेंढरं बसवायचे, आणि पोरगी इथं चुलतीकडं राहून शिकायची. कळपात पुढं चालणाऱ्या बोकडाला म्होरक्या म्हणतात, त्याच्या गळ्यात घंटी बांधतात आणि बाकीची मेंढरं त्या आवाजामागं मुकाट चालतात. तिनं लहानपणापासून पाहिलेलंच लिहिलं होतं.

सरांनी कविता पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. त्यांच्या आत कुठंतरी काहीतरी हललं. खरं सांगायचं तर कविता वाचून असं व्हायचं असतं हे ते विसरले होते. मग शिक्षक जागा झाला आणि त्यांनी पोरीला बोलावून घेतलं.

"चांगली आहे गं. पण यात बंड कुठंय? कोकरू नुसतं उभंय. त्यानं काहीतरी करायला पाहिजे. निदान एक उद्गारचिन्ह तरी दे. 'क्रांती' शब्द कुठं बसतो का बघ."

"कोकरू आसं वरडत न्हाई सर," स्वप्ना म्हणाली. "ते नुसतं हालत न्हाई. त्यानंच म्होरक्याचा लई खोळंबा व्हतो."

सरांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. सूर म्हणजे काय हे ते इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते: कवी काय म्हणतो ते नव्हे, कुठल्या आवाजात म्हणतो ते. या पोरीनं सगळ्यांत मोठं बंड सगळ्यांत बारीक आवाजात केलं होतं, आणि ते त्यांच्या साच्यातल्या "ज्वलंत"मध्ये काही केल्या बसत नव्हतं. शेवटी त्यांनी ती कविता भित्तिपत्रकात अगदी खालच्या कोपऱ्यात चिकटवली. वर सगळ्या मशाली.

आता नशीब बघा. महाविद्यालयात मोबाईलला रेंज येते ती फक्त त्या भिंतीपाशी, आणि तीही वाकून उभं राहिलं तर. बबनराव फोन लागायची वाट बघत वाकून उभे राहिले आणि त्यांच्या नाकासमोर आलं ते कोकरू. त्यांनी कविता वाचली. फोन लागला तरी ते बोलले नाहीत. परत वाचली. आणि सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले.

बबनरावांचं म्हणणं असं की ही कविता आप्पासाहेबांवर आहे. त्यांनी पुरावेच मांडले. आप्पासाहेबांच्या गळ्यात सोन्याचं भलं मोठं लॉकेट आहे आणि भाषणाला उभे राहिले की ते माइकच्या दांडीला लागून वाजतं, हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. ही झाली घंटी. आप्पासाहेबांच्या वाढदिवसाला पोरं गणवेशात फाट्यावर रांगेनं उभी करायची, मिरवणूक जिकडं वळेल तिकडं त्यांनी चालत जायचं आणि मिरवणूक थांबेल तिथं त्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायच्या, ही संस्थेची जुनी रीत. हे झालं पाणी. आणि गेल्या वर्षी रांगेत न आलेली पोरगी कोण? हीच. का आली नाहीस म्हणून विचारलं तेव्हा "माझं तिथं काय काम न्हाई" असं म्हणाली होती. हे झालं कोकरू.

काय सांगावं! अख्ख्या महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस पगार घेत होता, पण कवितेचा इतका बारीक वाचक बबनरावांशिवाय दुसरा नव्हता. अन्योक्ती म्हणजे एकाला बोलायचं आणि दुसऱ्याला लागायचं, हा अलंकार सरांनी आयुष्यभर पाठ करून घेतला. बबनरावांना तो न शिकताच आला. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आपले आप्पासाहेब म्हणजे घंटी बांधलेला बोकड, हे तोवर कुणाच्याही मनात आलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि ऑफिसभर सांगितलं.

निर्णय असा ठरला की पोरीला दाखला देऊन टाकायचा. म्हणजे बारावीची परीक्षा तोंडावर आलेली आणि वर्ष पाण्यात. तिच्या मामानं एक स्थळ आणून ठेवलेलंच होतं. शिक्षण थांबलं की पोरगी थेट मांडवात उभी राहणार हे चुलतीनं आधीच बोलून दाखवलं होतं. पण प्राचार्य पडले सावध. उद्या कुणी विचारलं की कशासाठी काढली, तर सांगायला कागद पाहिजे. म्हणून त्यांनी मल्लिनाथ सरांना सांगितलं की तुम्ही विषयाचे तज्ज्ञ, तुम्ही या कवितेचं लेखी रसग्रहण चौकशी समितीपुढं सादर करा. कवितेचा सूर अपमानकारक आहे की नाही ते स्पष्ट लिहा. आणि जाता जाता आठवण करून दिली की तुमच्या कायम मान्यतेची, म्हणजे नोकरी पक्की होण्याची, इतकी वर्षं रखडलेली फाइल बबनरावांच्याच कपाटात आहे.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्वप्नाला ग्रंथालयात गाठलं.

"खरं सांग. ही आप्पासाहेबांवर आहे का?"

"तुमीच म्हनलता सर, कवितेचा अर्थ कवीला इचारायचा नसतो."

"ते परीक्षेपुरतं असतं गं."

पोरीनं पुस्तक मिटलं. "म्या मेंढरावरच लिवायला बसले व्हते. लिवता लिवता रांग दिसाया लागली. मंग म्या थांबले न्हाई." आणि पुढं म्हणाली, "कुनी इचारलं तर सांगीन सर. खोटं न्हाई बोलायची मी."

आता आली का पंचाईत. कविता एकवेळ वाचवता आली असती, पण कवयित्री खरं बोलायला तयार बसली होती. सर घरी आले, शर्टही न बदलता खुर्चीत बसले आणि शिवकांताबाईंना सगळं सांगितलं. बाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"मंग त्या कवितेत खरंच आप्पा हायेत का?"

"आहेत. स्वच्छ आहेत."

"मंग तसं लिवा."

"तसं लिहिलं तर पोरगी जाते. तिचं आयुष्य जातं."

"आन् तुमची फाइल."

"माझं सोड गं. मी पोरीचा विचार करतोय."

बाई शेंगा मोडत राहिल्या. सरांना त्या गप्प बसण्याचा राग आला, पण तो त्यांनी दाखवला नाही, कारण राग दाखवायची त्यांना सवय नव्हती. सोमवारी ते कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन आले, स्वामींच्या समाधीपुढं माथा टेकला, आणि घरी येऊन रसग्रहण लिहायला बसले. पोरीसाठीच लिहितोय असं ते स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होते. इतक्यांदा कशाला बजावावं लागतंय, हे काही त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

समितीच्या दिवशी गहिनीनाथला कड्याहून बोलावून घेतलं. तो घोंगडं खांद्यावर घेऊन दारातच उभा राहिला, खुर्ची दिली तर बसेना. आप्पासाहेब मधल्या खुर्चीत, एका बाजूला बबनराव, दुसऱ्या बाजूला प्राचार्य. स्वप्नाला बाहेर व्हरांड्यात थांबवलं होतं. बबनरावांनी सुरुवातीलाच कविता मोठ्यानं वाचली, एखादी शिवी वाचावी तशी. शेवटची ओळ आली आणि दारातून हसण्याचा आवाज आला.

गहिनीनाथ हसत होता. अगदी मनापासून. "आसंच करतंय बगा ते," तो म्हणाला. "आमच्यात एक हाय. उपाशी ऱ्हाईल, पर जायाचं न्हाई म्हनलं की न्हाई." मग सगळ्यांची तोंडं बघितली आणि त्याचं हसू विरलं. "पोरीचं चुकलं आसंल तर पदरात घ्या मालक."

त्या खोलीत कविता कविता म्हणून ऐकली ती त्या एकट्या माणसानं. सरांना ते कळलं. पण त्यांनी लगेच वहाणेत पाय घालावा तसा आपला नेहमीचा आवाज घातला आणि सुरू झाले. "पाहिलंत साहेब? कवयित्रीच्या वडिलांनाच हसू आलं. याला निर्मळ हास्यरस म्हणतात. अपमानात असं हसू येत नाही."

आणि मग चार परिच्छेद.

म्होरक्या हे समर्थ नेतृत्वाचं प्रतीक आहे. गळ्यातली घंटी म्हणजे ज्ञानाची घंटा, जी आप्पासाहेबांनी या माळरानावर पहिल्यांदा वाजवली. "घंटी वाजंल तिकडं रान, घंटी थांबंल तिथं पानी" या ओळींत 'घंटी' शब्दाची पुनरुक्ती आहे; नेतृत्व जिकडं वळतं तिकडं हिरवळ होते आणि जिथं पाऊल टेकवतं तिथं पाणी लागतं, असा अतिशयोक्तीचा मोहक वापर कवयित्रीनं केला आहे. कोकराला माणसासारखं बोलतं केलं आहे, ते मानवीकरण. सर वाचत होते आणि आप्पासाहेबांची मान हळूहळू हलू लागली होती.

"पर मला एक सांगा," बबनराव पुढं सरकले. "ते कोकरू मंग मागं कावून जात न्हाई? बांधावर कावून उभं ऱ्हायलं?"

म्हटलं ना, बारीक वाचक. ज्या ओळीत कवितेचा जीव होता, नेमकं तिथंच त्यांनी बोट ठेवलं. सरांच्या कपाळावर घाम आला. पण आयुष्यभराचा साचा असा ऐन वेळी कामाला येतो.

"दर्शन घेतंय साहेब," सर म्हणाले. "उंचावरून नीट दिसतं. आणि तहान नाही का म्हणतंय? कारण ती आधीच भागलेली आहे. नेतृत्वानं इतकं दिलंय की आता काही मागायचंच उरलं नाही. ही तृप्ती आहे. कवितेचा सूर बंडाचा नाही साहेब, कृतज्ञतेचा आहे. रस शांत."

आप्पासाहेबांनी लॉकेटवरून हात फिरवला. "बबनराव," ते म्हणाले, "आवो चांगलंच लिवलंय की पोरीनं. तुमाला बी ना, कुटं बी खोटच दिसती."

"पोरीला बोलवून इचारायचं का एकदा?" बबनराव अजून सोडत नव्हते.

"नको," सर म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले. "साहित्यात कवीला विचारत नाहीत. संकेत आहे तसा."

आप्पासाहेबांना संकेत शब्द आवडला. दाखल्याचा विषय तिथंच संपला आणि दुसराच निघाला. त्यांच्या वाढदिवसाला आता थोडेच दिवस राहिले होते. ही कविता फ्लेक्सवर छापायची, पोरीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, आणि तिनं स्टेजवर ती म्हणायची. बबनरावांनी लगेच लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दुःख होतं ते एका खऱ्या समीक्षकाचं होतं. बरोबर अर्थ सांगूनही कुणी ऐकलं नव्हतं.

सर बाहेर आले. व्हरांड्याची खिडकी उघडीच होती. पोरीनं सगळं ऐकलं होतं.

"तुझं वर्ष वाचलं," सर म्हणाले.

"व्हय सर."

"लग्नाचंही आता टळेल. चुलतीला मी स्वतः येऊन सांगतो."

"व्हय." ती जमिनीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "कोकरू तृप्त हाय, सर?" विचारताना आवाजात राग नव्हता, चेष्टा नव्हती. सरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ते "अगं, ते फक्त कागदावर" असं काहीतरी पुटपुटले आणि तासाला निघून गेले.

वाढदिवसाच्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. आप्पासाहेब गॉगल लावून उभे, मागं इंटरनेटवरून उचललेली परदेशी मेंढरं, सगळी कापसासारखी पांढरी आणि खाऊन माजलेली. आपल्याकडच्या काळ्या-करड्या मेंढरांना त्यांच्यात उभं केलं असतं तर कुणी चारा टाकला नसता. शेजारी कविता, खाली "कु. स्वप्ना, आपल्या महाविद्यालयाची उगवती कवयित्री". गहिनीनाथ आणि त्याची बायको रतनबाई कळप दुसऱ्याच्या हवाली करून मुद्दाम आले होते. रतनबाईला वाचता येत नव्हतं, तरी फ्लेक्ससमोर उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माज्या पोरीचं हाय ते." तिनं राजेश्वरच्या दुकानातून नवं लुगडं घेतलं होतं. पोरीचे सर तुमचेच भाऊ ना, असं तिनं राजेश्वरला तिथं चार वेळा विचारलं म्हणे.

रांग नेहमीसारखी होती. मिरवणूक वळली तिकडं पोरं वळली, थांबली तिथं पोरांना बाटल्या मिळाल्या. स्वप्ना यंदा रांगेत नव्हती, स्टेजवर होती. मल्लिनाथ सर शिक्षकांच्या खुर्च्यांत पुढच्याच ओळीला बसले होते. सकाळीच प्राचार्यांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं की फाइल निघालीय, सही आज संध्याकाळी. एवढं एक कवितावाचन पार पडलं की सुटलो, असं म्हणत ते घड्याळाकडं बघत होते.

स्वप्ना माइकसमोर आली आणि तिनं कविता म्हटली. ना हातवारे, ना चढा आवाज. रानात एखाद्याला वाट सांगावी तसं म्हटली. मागच्या पोरांमध्ये एकदम शांतता झाली. पोरांना कळलं. पोरांना ते कळणारच, रांगेत तीच उभी होती. कुणी हसलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन नुसती बघत राहिली. सरांच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्यांनी शिकवलेली एकही बंडाची कविता अशी कुणाच्या आत गेलेली त्यांनी पाहिली नव्हती. शर्टाची बाही त्यांनी मनगटापर्यंत ओढून घेतली.

मग पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. आप्पासाहेबांनी स्वतः उठून पोरीच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला, आणि माया उफाळून आली म्हणून तिचा माइक आपल्याकडं ओढला. लॉकेट दांडीला लागून वाजलं.

"सर म्हनले कवीला इचारायचं न्हाई. पर मी तर इचारनार. आपलंच लेकरू हाय." आप्पासाहेब तिच्याकडं वाकले. "बाळा, खरं सांग सगळ्यांम्होरं. ही कविता तू कुनावर लिवली?"

आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

मल्लिनाथ सरांचं घड्याळाकडं बघणं थांबलं. पोरगी खोटं बोलणार नव्हती. तिनं तसं सांगितलं होतं, आणि ती जे सांगते ते करते. त्यांना डोळ्यांसमोर सगळं दिसलं: बबनराव उठून उभे राहिलेले, फाइल परत कपाटात, पोरगी मांडवात, आपण राजेश्वरच्या गादीवर बसून खण मोजतोय. खरं तर याच क्रमानं दिसलं नाही. आधी फाइल दिसली, मग गादी दिसली. पोरगी शेवटी दिसली. हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि तरीही ते खुर्चीत आकसले, मान खांद्यात गेली, आणि नजर पोरीकडं लागली. ती नजर काय मागत होती ते दुरूनही दिसत होतं.

स्वप्नानं माइककडं पाहिलं. आईकडं पाहिलं. मग सरांकडं पाहिलं आणि तिथंच थांबली. बराच वेळ थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी जो ठामपणा होता तो हळूहळू निघून गेला आणि तिथं काहीतरी मऊ आलं. आजारी जनावर दिसलं की तिच्या बापाच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"सरांनी सांगितलंय तसंच हाय, आप्पा," ती म्हणाली.

केवढ्या टाळ्या! आप्पासाहेबांनी तिला जवळ घेतलं, फोटो निघाले, बबनरावांनीही हात वाजवले, कारण आता वाजवणं भाग होतं. रतनबाई लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत होती. मागची पोरं मात्र एकमेकांकडं बघत होती, आणि मग एकेक करून त्यांनी बाटल्यांची बुचं फिरवून पाणी तोंडाला लावलं.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायची घाई सुरू झाली. स्वप्ना गर्दीतून वाट काढत सरांपाशी आली. शाल तिनं आईला देऊन टाकली होती, नारळ काखेत होता. सरांनी घसा साफ केला. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. हे सगळं तुझ्याचसाठी केलं, वर्ष वाया गेलं असतं, पुढं शीक, मोठी हो, मग लिही काय लिहायचं ते, असं सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत पोरीनं आवाज खाली केला, आजूबाजूचं कुणी ऐकू नये म्हणून.

"भिऊ नका सर," ती म्हणाली. "सांगितलं न्हाई म्या."

आणि आईच्या मागं निघून गेली. आणि मल्लिनाथ सरांना, काय सांगावं, त्या क्षणी फार हायसं वाटलं.